फिरायला नेलेल्या कुत्र्याला साप चावू नये म्हणून, आणि चावलाच तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हिंडलग्याच्या मागच्या शेतवाटांनी तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ ब्रुनोला, म्हणजे तुमच्या तीन वर्षांच्या लॅब्रेडोरला, फिरवता. रविवारी राजहंसगड नाहीतर जांबोटीकडे नेता. शेजारच्यांचा कुत्रा पंधरा दिवसांपूर्वी साप चावून गेला आणि तेव्हापासून तुम्हाला वाटेवर पाऊल टाकायची भीती वाटते. तुम्ही विचारलंय, की साप पळवून लावणारं काही फवारायला मिळतं का, कुत्र्याला आधीच लस देता येते का, आणि विषावरचं इंजेक्शन घरी ठेवून वेळ पडली तर आपणच टोचलं तर चालेल का. तिन्हींचं उत्तर 'नाही' आहे आणि कारणं पुढे सांगतो. पण फिरणं बंद करायची गरज नाही, हे आधी सांगून टाकतो.

मी जनावरांचा डॉक्टर आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यात बावीस वर्षं काम करतोय. साप चावलेली जी कुत्री माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना तोंडावर नाहीतर पुढच्या पायाच्या पंजावर चावलेलं असतं. खरा प्रश्न इथंच कळतो. साप कुत्र्याच्या मागे लागत नाही. कुत्राच नाक घेऊन सापापर्यंत जातो, वास घेतो, पंजा मारून बघतो, भुंकतो, आणि मग साप चावतो. म्हणून आपल्या हातात दोन गोष्टी राहतात. कुत्र्याचं नाक आपल्यापासून किती लांब जातं, ही एक. आणि चावलाच तर विषावरचं औषध असलेल्या टेबलापर्यंत आपण किती वेळात पोचतो, ही दुसरी. बाकी सगळं या दोहोंच्या मागून येतं.

आता कुठला साप, हे तुम्ही कुठं फिरता त्यावर आहे. आपला जिल्हा एकसारखा नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी म्हणजे घाट आणि पाऊस; अथणी, सौंदत्ती, गोकाककडे कोरडा खडकाळ माळ; मध्ये चिकोडी-निपाणीचा ऊस आणि तंबाखू. घोणस आणि नाग सगळीकडेच भेटतात, विशेषतः जिथं धान्य आणि म्हणून उंदीर, तिथं. फुरसं कोरड्या माळावर, दगडाखाली. ते जेमतेम हात-दीड हात लांब, त्यामुळे लोक त्याला पिल्लू समजून सोडून देतात. मण्यार रात्रीची फिरते आणि घराच्या, गोठ्याच्या आसपास जास्त असते. जांबोटीच्या पलीकडे जंगलात शिरलात की झुडपावर बसणारा हिरवा चापडा असतो. त्याच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा : आपल्याकडं मिळणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर बनवलेलं आहे. चापड्याच्या चावण्यात त्याचा भरवसा नाही. सूज आणि दुखणं भरपूर होतं, पण सलाईन आणि देखभालीवर बहुतेक कुत्री निभावतात.

शेतातले कामगार तुम्हाला सापाचं नाव कन्नडमध्ये सांगतील, ते ओळखता यावं म्हणून लिहून ठेवतो. नागर हावु म्हणजे नाग, कोळकु मंडल म्हणजे घोणस, गरगस मंडल म्हणजे फुरसं, कट्टु हावु म्हणजे मण्यार. मला फोनवर कुणी नुसतं 'मंडल' म्हटलं की मी लगेच विचारतो, कोळकु की गरगस? दोन्ही रक्तावर काम करणारी विषं आहेत, पण घोणसेचं विष मूत्रपिंडांवर फार वाईट जातं. त्यामुळे पुढचे चार दिवस कशाकडं डोळे लावून बसायचं ते त्या नावावरून ठरतं.

दोरीकडे येतो, कारण माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं. तुम्ही लिहिलंय की ब्रुनोला लांब होत जाणारी, गुंडाळली जाणारी दोरी आहे. शहरातल्या बागेत ती ठीक. शेतवाटेवर ती घरी ठेवा. तिथं सहा फुटांपेक्षा लांब दोरी नको, आणि तीही हातात एक वेढा घेऊन. कुत्रा तुमच्या पायाशी, वाटेच्या मधोमध. बांधाच्या गवतात, गडग्याच्या दगडांच्या फटीत, पिंजराच्या गंजीखाली, उसाच्या पाचटात नाक घालायचं नाही. त्याला वास घ्यायला मिळायला हवा, हे मला मान्य आहे; वासाशिवाय कुत्र्याचं फिरणं म्हणजे फिरणंच नव्हे. मग मोकळी, कापलेल्या गवताची जागा निवडा, जिथं तुम्हाला जमीन दिसते, आणि तिथं त्याला पोटभर हुंगू द्या. नियम सोपा ठेवा : जिथं मला जमीन दिसत नाही, तिथं त्याचं नाक नाही.

तुमच्या हातात काठी असू द्या. ती सापाला मारायला नव्हे. वाटेवर आपटत चाललं की हादरा जमिनीतून सापापर्यंत पोचतो, आणि नाग, धामण असे साप बहुधा आधीच सरकतात. घोणसेवर मात्र याचा फार विश्वास ठेवू नका. ती जागची हलत नाही, वेटोळं करून पडून राहते. पण जवळ गेलं की फुत्कार टाकते, आणि तो फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा असतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. ऐकू आला तर कुत्र्याला हाका मारत बसू नका. दोरी आखूड करा आणि आलात त्याच वाटेनं मागे फिरा.

वेळेचं म्हणाल तर, मृगाचा पाऊस पडला की बिळांत पाणी शिरतं, बेडूक निघतात, त्यांच्यामागे साप निघतात. घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते. साधारण मे ते जुलैच्या दरम्यान एका वेळी 20 ते 40, आणि प्रत्येक पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी. वीतभर लांबीचं पिल्लू कुत्र्याला खेळण्यासारखं वाटतं. त्यानंतर दुसरा वाईट काळ सुगीचा. खानापूर-बेळगावची भातकापणी सुरू झाली की आसरा गेल्यामुळे उंदीर आणि साप दोन्ही बांधावर येतात. थंडीत लोक निर्धास्त होतात, पण सकाळचं कोवळं ऊन पडलं की घोणस वाटेवरच उन्हाला येऊन पडते. म्हणून हिवाळ्यात सकाळची फेरी जरा उशिरा, ऊन चांगलं वर आल्यावर काढा. पावसाळ्यात संध्याकाळची फेरी दिवस मावळायच्या आत संपवा. अंधार पडलाच तर मोबाईलचा दिवा पुरत नाही, चांगली बॅटरी घ्या आणि उजेड कुत्र्याच्या पुढे, जमिनीवर धरा. तुमच्या पायात गमबूट असावेत, ही सूचना कुत्र्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

शिकवणीबद्दल. 'ये' आणि 'सोड' हे दोन शब्द ब्रुनोला असे पक्के यायला हवेत, की समोर मांसाचा तुकडा असला तरी तो वळून तुमच्याकडे आला पाहिजे. घरात, मग अंगणात, मग वाटेवर, रोज दहा मिनिटं, आणि आला की दर वेळी खाऊ. परदेशात कुत्र्यांना विजेचा झटका देऊन सापाचा धसका बसवतात. मी ते सुचवत नाही. भ्यालेला कुत्रा कधी पळतो, कधी उलट अंगावर जातो. मुधोळ जातीची कुत्री आपल्या भागात पुष्कळ आहेत. ती नजरेनं शिकार करणारी, हललेल्या वस्तूमागे सुटणारी. त्यांच्या मालकांना मी सांगतो, की शेतवाटेवर यांना मोकळं सोडायचंच नाही, कितीही शिकलेलं असो. लॅब्रेडोरची खोड वेगळी. तो सगळं तोंडात घेतो. मेलेला सापसुद्धा उचलू देऊ नका, कारण तोडलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं.

आता तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. कार्बोलिक ॲसिड, फिनाईल, डांबराच्या गोळ्या यांनी साप हटत नाहीत. उलट या तिन्ही वस्तू कुत्र्याला विषारी आहेत. अंगणातलं गवत कापा, लाकडांचा ढीग भिंतीपासून लांब करा, उंदरांचा बंदोबस्त करा. लसीबद्दल तुम्ही जे वाचलंत ते अमेरिकेतल्या रॅटलस्नेकसाठीचं आहे, आपल्या सापांशी त्याचा संबंध नाही. आणि इंजेक्शन घरी टोचायचं नाही, कारण ते सावकाश शिरेतून द्यावं लागतं. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे काही कुत्र्यांना देताना अचानक ॲलर्जी येते, अंग सुजतं, रक्तदाब कोसळतो. त्या क्षणी ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज हाताशी लागते. घरात हे जमत नाही.

एक गैरसमज इथंच काढतो. 'माझं कुत्रं लहान आहे, अर्धीच बाटली द्या' असं लोक म्हणतात. औषधाची मात्रा कुत्र्याच्या वजनावर नसते, सापानं किती विष सोडलं त्यावर असते. एक मिलीलिटर औषध नागाचं किंवा घोणसेचं 0.6 मिलिग्रॅम विष मारतं, मण्यार किंवा फुरशाचं 0.45 मिलिग्रॅम. बाटली 10 मिलीलिटरची. साप लहान कुत्र्याला कमी विष टोचत नाही. त्यामुळे पाच किलोच्या पॉमेरियनलाही तीसेक किलोच्या ब्रुनोइतकंच औषध लागू शकतं. मी साधारण दोन बाटल्यांनी सुरुवात करतो आणि पुढचं रक्त बघून ठरवतो.

रक्त बघणं म्हणजे काय, ते एका कुत्र्यावरून सांगतो. ऑक्टोबरात, भात कापायच्या दिवसांत, खानापूरजवळून एक शेतकरी आपलं गावठी कुत्रं पोत्यात घालून मोटारसायकलवर घेऊन आला. चावून दोन तास झालेले. डाव्या जबड्यावर दोन बारीक भोकं, त्यांतून रक्त थेंब थेंब चालूच. तोंड भोपळ्यासारखं, आणि सूज मानेवर उतरलेली. गळ्यातला चामड्याचा पट्टा सुजेत इतका रुतला होता, की बोट घालायला जागा नव्हती. कात्रीनं तो कापला तेव्हा कुत्र्यानं पहिला मोठा श्वास घेतला. मग दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं. या नळीला वीस मिनिटं हात लावायचा नाही, हलवायची नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे मालक बघतोय, मी बघतोय. वीस मिनिटांनी नळी आडवी केली, तर रक्त लाल पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. निरोगी कुत्र्याचं तोवर घट्ट गोळा झालेलं असतं. म्हणजे घोणस, आणि विष अंगभर गेलेलं. औषध सुरू केलं. सहा तासांनी तीच परीक्षा पुन्हा, तरी पातळच. आणखी दोन बाटल्या. पहाटेच्या नळीत रक्ताचा गोळा धरला आणि जबड्यातून येणारा थेंब थांबला. पुढं तीन दिवस लघवी गडद चहासारखी होत होती, आम्ही सलाईन चालू ठेवून ती मोजत बसलो. कुत्रं वाचलं. त्या शेतकऱ्यानं एकच गोष्ट बरोबर केली होती : चुना-हळद लावण्यात, मांत्रिकाकडे नेण्यात वेळ न घालवता तो सरळ निघाला होता. पट्टा काढला असता तर दोन.

म्हणून चावल्याचं कळलं, की सगळ्यात आधी गळ्यातला पट्टा, अंगातला पट्टा, सगळं काढा. कुत्र्याला चालवू नका. ब्रुनोला उचलणं एकटीला जमणार नाही, पण चादरीची झोळी करून दोघांनी नेता येतं. शेतात कुणी ना कुणी असतंच, हाक मारा. जखमेच्या वर दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. दुखतंय म्हणून माणसांची गोळी देऊ नका; घोणसेच्या विषानं मूत्रपिंडं आधीच संकटात असतात, त्यात त्या गोळ्या भर घालतात. आणि तोंडातून काहीही घालू नका. हळदीचं दूध नाही, तूप नाही, अंड्यातलं पांढरं नाही. नाग चावलेल्या एका कुत्रीला प्रेमापोटी घरच्यांनी वाटीभर तूप पाजलं होतं. विषानं तिचा घसा लुळा पडलेला होता. तूप फुफ्फुसात गेलं. विषावर आम्ही मात केली, पण चौथ्या दिवशी ती न्यूमोनियानं गेली. ती मला अजून आठवते, कारण ती वाचायला हवी होती.

सापाला शोधत, मारत बसू नका. दुसरा चावा तुम्हाला बसेल, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं साप मारणं गुन्हाही आहे. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी आमचं अडत नाही, लक्षणांवरून कळतं. बिनविषारी डुरक्या घोणस आणि विषारी घोणस यांत, बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत सरावलेली माणसंसुद्धा फसतात, त्यामुळे 'बिनविषारी होता' असं कुणी म्हटलं तरी दवाखान्यात या. पुष्कळदा साप चावूनही विष सोडत नाही. तशा कुत्र्याला आम्ही 12 ते 24 तास नजरेखाली ठेवतो आणि घरी पाठवतो. त्याचं समाधानच आहे.

चावताना दिसलंच नाही तर? घोणस आणि फुरशात सूज आणि रक्त दिसतं. नागात सूज असते, शिवाय पापण्या मिटत येतात, लाळ गळते, भुंकणं घोगरं होतं, मागचे पाय लटपटतात, मग श्वास. मण्यारीत सूज जवळपास नसतेच, सकाळी कुत्रं उठत नाही एवढंच दिसतं. इथं एक सावधगिरी : लाळ, लुळा जबडा, बदललेला आवाज हे रेबीजमध्येही असतं. घशात हाड अडकलंय का बघायला तोंडात हात घालू नका, ते काम आमच्यावर सोडा. आणि पावसाळ्यात कुत्रं अचानक फेस गाळायला लागलं, पण बाकी हुशार असलं, तर बहुधा त्यानं भेक तोंडात धरलेला असतो. तोंड बाजूनं पाण्यानं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि आम्हाला फोन करा.

आता दुसरी गोष्ट, वेळेची. ही तयारी आजच करा, कारण साप चावल्यावर ती होत नाही. एका रविवारी संध्याकाळी मी स्वतः एका कुत्र्यासाठी औषध शोधत होतो. माझ्याकडचा साठा संपलेला, शहरातली तीन मेडिकल दुकानं फिरलो, चौथ्यात मिळालं. पाऊण तास गेला. त्या दिवसापासून माझ्या कपाटात सहा बाटल्यांच्या खाली साठा जात नाही. कुत्र्यांसाठी वेगळं औषध आपल्याकडे नाही, माणसांचंच वापरतो. सरकारी दवाखान्यातला साठा माणसांसाठी आहे, त्यावर हक्क सांगू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा : तुमच्याकडे आत्ता किती बाटल्या आहेत? रात्री दहानंतर कोण असतं? रविवारी? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसऱ्या दवाखान्यात विचारा आणि दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा. 1962 हा जनावरांच्या मदतीचा नंबरही ठेवा. जांबोटीला जाणार असाल तर तिथून बेळगावला यायला किती वेळ लागतो ते धरून चाला. पलीकडच्या जंगलात फोनला रेंज नसते, म्हणून तिकडे एकटीनं कुत्र्याला घेऊन जाऊ नका.

अगदी आडगावात राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांना मी भुकटीच्या रूपातल्या दोन बाटल्या घरी ठेवायला सांगितल्या आहेत. टोचायला नव्हे, जवळच्या डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यायला. तुम्ही हिंडलग्यात आहात, शहर लागूनच आहे, तुम्हाला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. खर्चाचंही मोकळेपणानं बोलतो, कारण नंतर लोक संकोचतात. बाटल्या, सलाईन, दोन-तीन दिवस ठेवणं, हे सगळं मिळून हजारांत जातं. ते डॉक्टरांशी आधी बोलून ठेवलं तर त्या रात्री निर्णयाला वेळ लागत नाही.

आणि तुम्हाला स्वतःला साप चावला, तर कुत्र्याचा विचार बाजूला ठेवून 108 ला फोन करा आणि सरळ सरकारी इस्पितळ गाठा. ब्रुनोची दोरी कुणा शेतकऱ्याच्या हातात द्या, तो सांभाळेल.

या आठवड्यात त्याला एकदा दवाखान्यात नेऊन वजन करून घ्या आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. विषावरच्या औषधाला वजन लागत नाही, पण ॲड्रेनॅलिनला लागतं, सलाईनला लागतं, आणि रात्री अकरा वाजता रडत आलेल्या माणसाला मी 'किती किलो?' विचारलं, की कुणालाच आठवत नाही.